सायटेशनच्या आशेने

पेपर छापून आला की ट्वीट करा, लिंक्डइनवर टाका, सायटेशन वाढतात, असं हल्ली प्राध्यापकांच्या कार्यशाळांत ठासून सांगतात. आधाराला गुंथर आयझेनबाख यांचा 2011चा अभ्यास असतो: ज्यांच्यावर भरपूर ट्वीट झाले ते पेपर पुढे खूप उद्धृत होण्याची शक्यता 11 पट. आयझेनबाख यांनी स्वतःच्याच नियतकालिकातले पेपर तपासले होते, ते असो. चांगल्या पेपरची चर्चाही होते आणि त्याला सायटेशनही मिळतात. एकामुळे दुसरं घडलं हे कशावरून?

त्यासाठी पेपर चिठ्ठ्या टाकूनच निवडायला हवेत. ‘प्लॉस वन’मध्ये 2024 साली आलेल्या प्रयोगात ट्विटरवर दबदबा असलेल्या शास्त्रज्ञांनी तेच केलं. एका नियतकालिकाचे एकाच महिन्यातले पाच पेपर घ्यायचे, एक ट्वीट करायचा, चारांना हात लावायचा नाही. 11 नियतकालिकं, प्रत्येकी 10 फेऱ्या. ट्वीट केलेले पेपर लगेच 2.6 ते 3.9 पट डाउनलोड झाले. तीन वर्षांनी सायटेशनमधली वाढ मात्र 7 ते 12 टक्के, आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारी.

प्रतिपक्ष छातीच्या शल्यचिकित्सकांचा 2020चा प्रयोग काढील. तिथे वर्षभरात ट्वीट केलेल्या पेपरना सरासरी 3.1 सायटेशनची भर पडली, बाकीच्यांना 0.7ची. मान्य. पण एका विषयाच्या एका वर्षावरून सगळ्या विद्याशाखांना उपदेश करणं म्हणजे फारच झालं.

म्हणजे समाजमाध्यमं निरुपयोगी? छे. त्यांचा खरा उपयोग छाननीत आहे. जुलै 2018मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी अर्काइव्ह या छापण्याआधीचे पेपर ठेवणाऱ्या संकेतस्थळावर दावा केला: सोन्यात रुतवलेले चांदीचे सूक्ष्मकण 236 केल्विनला, म्हणजे उणे 37 अंशांना, अतिवाहक होतात, म्हणजे वीज विनारोध वाहू देतात. एमआयटीतल्या ब्रायन स्किनर यांनी आलेख मोठा करून पाहिला. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांतल्या मोजमापांचे हिरवे आणि निळे ठिपके. त्यांतली बारीक थरथर मात्र तंतोतंत सारखी. अशी थरथर दोनदा एकसारखी यायला नको. त्यांनी ते अर्काइव्हवर आणि ट्विटरवर मांडलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्रताप रायचौधुरी यांनी फेसबुकवर त्याचा ऊहापोह केला. तोवर पेपर कुठे छापूनही आला नव्हता. प्राध्यापकांची कामगिरी गुणांत मोजणाऱ्या एपीआयच्या कुठल्याच रकान्यात न बसणारं हे काम. मे 2019मध्ये त्या गटाने आणखी सहलेखक आणि नवी मोजमापं घेऊन सुधारित आवृत्ती टाकली.