चेहऱ्याची ओळख : खुर्चीपासून चष्म्यापर्यंत

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन अर्थ सांभाळतो. परिचय म्हणजेही ओळख, आणि समोर कोण उभे आहे हे जाणणे म्हणजेही ओळखणेच. डोळसांना हे दोन अर्थ निराळे करण्याची वेळ सहसा येत नाही. दृष्टिहीनांना ती रोज येते. परिचय जुना असतो, पण परिचित माणूस गप्प उभा राहिला तर तो तेथे नसल्यासारखाच.

दृष्टिहीनांच्या साधनांच्या इतिहासात चेहऱ्याचा क्रम अगदी शेवटी लागतो. अक्षरांचा प्रश्न आधी सुटला. लुई ब्रेल यांनी १८२४ च्या सुमारास ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. मुंबईत १९०० मध्ये मिस मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, आणि भारतीय भाषांसाठी एकसमान 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये स्वीकारली गेली. वाटेतले अडथळे पांढऱ्या काठीने सांभाळले. चेहरा मात्र आवाजावरच सोपवला गेला.

त्या दिशेचा एक लक्षणीय प्रयोग अमेरिकेत पॉल बाख-इ-रीटा यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवले होते. कॅमेऱ्यातील चित्र त्या कंपनांतून बसणाऱ्याच्या पाठीवर उमटे, आणि सरावानंतर अंध व्यक्ती परिचितांचे चेहरेही ओळखू लागल्या. परंतु ती अवजड खुर्ची घेऊन बाजारात कोण जाणार?

संगणकाला चेहरे ओळखायला शिकवण्याचे काम याच सुमारास, पण वेगळ्या वाटेने चालले होते. वूडी ब्लेडसो यांनी १९६० च्या दशकात छायाचित्रांतील डोळे, नाक, ओठ यांमधील अंतरे मोजून संगणकाला पुरवली. हे दोन प्रवाह एकत्र यायला पुढे अर्धे शतक लागले. २०१० मध्ये स्थापन झालेल्या इस्रायलच्या 'ऑरकॅम'ने चष्म्याला लावण्याचा छोटा कॅमेरा आणला. २०२० मध्ये 'एन्व्हिजन'चा चष्मा आला. तो गूगलच्या चष्म्यावर आधारलेला होता आणि गूगलने २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली. ब्रेलच्या पाटीला असा कोणा कंपनीचा निर्णय बाधत नाही, हे येथे नोंदवायला हवे.

अशा साधनात वापरणारा परिचितांचे चेहरे नावासह आधी नोंदवतो. यंत्र चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि जुळणी झाली की कानात नाव सांगते. आता हे साधन कऱ्हाडलगतच्या मलकापुरात, पुणे-बेंगळूर महामार्गाच्या कडेला आणून पाहू. दुचाकीवरच्या मुलींनी स्कार्फ गुंडाळलेला, चालकांच्या डोक्यावर हेल्मेट, रुग्णालयात परिचारिकांच्या तोंडावर मास्क. कॅमेऱ्यापुढे चेहराच नाही. तेथे आवाजच कामाचा.

दुसरा प्रश्न संमतीचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. मग दुसऱ्याचा चेहरा साठवावा का? डोळस माणूस शेकडो चेहरे कोणालाही न विचारता स्मरणात ठेवतो. तेव्हा अंधांनीच परवानगी मागत फिरावे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मात्र स्मरण दुसऱ्याच्या हाती जात नाही, यंत्रातील नोंद जाऊ शकते. म्हणून ती नोंद वापरणाऱ्याच्याच यंत्रात राहावी, कंपनीच्या भांडारात नव्हे, एवढी अट आम्ही आवश्यक मानतो.

अध्यापक म्हणून आम्हांला या साधनाचे खरे मोल वर्गात दिसते. दृष्टिहीन प्राध्यापकाला मागच्या बाकावर कोण बसले आहे, कोण हळूच उठून गेले, हे आवाज सांगत नाही. गप्प विद्यार्थीही त्याला ठाऊक असायला हवा. एरवी आपल्याकडे अंध माणसाचा हात धरून "ओळखा पाहू, मी कोण?" अशी परीक्षा घेण्याची खोड आहे. ती सोडून भेटताच आपले नाव सांगावे. त्यासाठी कोणत्याही चष्म्याची वाट पाहण्याचे कारण नाही.