कुकडीकाठच्या राखेचं वय

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकजवळ कुकडी नदीच्या जुन्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. बोटांत चोळली तर ती पिठासारखी लागते; सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काचेच्या बारीक किरचा दिसतात. ही राख सह्याद्रीची नव्हे. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. राख आली सुमारे ३ हजार किलोमीटरवरून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून.

पण टोबाच्या कोणत्या स्फोटातून?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या शरद राजगुरू, शीला मिश्रा आदी अभ्यासकांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, कारण इथल्या गाळात अश्मयुगीन माणसाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. राखेचं वय कळलं की त्या माणसाच्या काळाचाही अंदाज बांधता येणार होता. १९८९ साली पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय निघालं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ साली आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ते ६ लाख ७० हजारांवर आलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने काचेच्या रसायनावरून ही राख टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. घोळाला कारणं होती. राखेत बेसाल्टचे प्राचीन कण मिसळले की आर्गॉनचा आकडा फुगतो, आणि टोबाच्या वेगवेगळ्या स्फोटांतली काच रसायनाने एकमेकींच्या फार जवळची असते.

इथे चुंबकत्व कामी आलं. बेसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइट भरपूर, टोबाच्या राखेत फार थोडं. त्यामुळे गाळाची चुंबकग्राह्यता वरून खाली मोजत आलं, तर शुद्ध राखेपाशी आकडा एकदम घसरतो. थर ओळखायला एवढं पुरतं. वयासाठी चुंबकत्वाची दिशा पाहावी लागते. गाळ साचताना त्यातले लोहकण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे वळून बसतात. हे क्षेत्र कधीकाळी उलटं होतं, याचा पुरावा फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रुन्स यांना १९०६ साली मिळाला. अशी उलटी दिशा ठरावीक काळातल्या खडकांत आढळते, हे जपानच्या मोटोनोरी मातुयामा यांनी १९२९ साली दाखवलं. शेवटची कायमची उलटापालट सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची.

नमुना घेण्याचं काम जपून करावं लागतं. मातीचा तुकडा कापण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि उतार खुणेने नोंदवायचा, मगच तो छोट्या डबीत भरायचा. प्रयोगशाळेत नंतरच्या काळात चढलेलं चुंबकत्व टप्प्याटप्प्याने उतरवायचं. तळाशी उरते ती मूळ दिशा.

सतीश सांगोडे आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बोरी आणि कऱ्हाकाठच्या मोरगाव परिसरातल्या गाळाचे असे निष्कर्ष मांडले. दिशा उलटी निघाली. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेभोवती ती तशी मिळणं शक्य नव्हतं. २०१४ साली नव्याने झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मोजणीतही दोन्ही ठिकाणच्या राखेचं वय सात-आठ लाख वर्षांच्या आसपास आलं.

आंध्रातल्या ज्वालापुरमची राखही टोबाचीच, पण ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची. म्हणून तिच्या खालच्या-वरच्या दगडी हत्यारांची सांगड बोरीच्या हातकुऱ्हाडींशी घालता येत नाही.