सुतारांची कमान

कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाकडे जाताना मान वर केली की अर्धगोल छताला लागून सागवानी फासळ्यांची रांग दिसते. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या. छत डोंगराच्या कातळाचं, आतून कोरून काढलेलं. त्याला टेकूची गरज तेव्हाही नव्हती, आजही नाही. म्हणजे या फासळ्या काहीच तोलत नाहीत. मग साधारण ४५ फूट उंचीवर लाकूड चढवून ते कातळात बसवण्याचा खटाटोप कशासाठी केला असेल?

उत्तर त्याच लेण्याच्या तोंडावर आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची, वर टोक काढलेली ती प्रचंड कमान. कुणी तिला चैत्यकमान म्हणतं, कुणी पिंपळपानाकृती. पिंपळपान म्हटलं की गोष्ट लगेच बोधिवृक्षापर्यंत पोचते. ऐकायला छान वाटतं, पण या कमानीचं कुळ झाडाच्या पानात नाही, घराच्या छपरात आहे.

लाकडाचे किंवा बांबूचे लांब वासे वाकवायचे, एकामागे एक उभे करायचे, आडव्या वाशांनी एकमेकांना बांधायचे आणि वरून गवताने शाकारायचं. असं लांबट घर समोरून पाहिलं तर छपराचा अख्खा छेद दिसतो आणि तो असतो नालेसारखा. आढ्यापाशी छपराच्या दोन बाजू मिळतात तिथे टोक निघतं. आडव्या वाशांची डोकी कमानीच्या पोटातून बाहेर डोकावतात. निलगिरीतल्या तोडा लोकांची परंपरागत घरं आजही जवळपास याच पद्धतीने उभी राहतात. ती काही चैत्यगृहाची पूर्वज नव्हेत. पण वाकवलेल्या बांबूंवर छप्पर कसं पेलतं, हे त्यांच्याकडे पाहून चटकन कळतं.

मूळची लाकडी सभागृहं अर्थातच उरली नाहीत. राजस्थानात बैराटला मौर्यकाळातल्या एका गोल प्रार्थनागृहाचा पाया सापडला. त्याच्या विटांच्या भिंतीत २६ अष्टकोनी लाकडी खांब बसवलेले होते. सांची आणि भारहूतच्या शिल्पांत नालेसारख्या छपरांची नगरंच्या नगरं कोरलेली आहेत. यापलीकडचं सगळं दगडाकडूनच ऐकावं लागतं.

दगड पहिल्यांदा बोलला तो बिहारमधल्या बराबरच्या टेकड्यांवर. तिथली सुदामा गुहा अशोकाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. २५७च्या सुमारास, आजीविक पंथाच्या साधूंना दिली. तिच्या शेजारी लोमश ऋषी गुहा आहे. आतून ती अर्धवटच राहिली, पण तिचं दार पाहण्यासारखं आहे. कठीण ग्रॅनाइटमध्ये लाकडी घराचं तोंड हुबेहूब उतरवलंय. आत कललेल्या चौकटी, वाशांची डोकी, वरचं टोक आणि कमानीच्या पट्टीत स्तूपांकडे निघालेले हत्ती. आज आपण जिला बौद्ध कमान म्हणतो ती दगडात सुरुवातीला दिसते ती अशी, आजीविकांच्या शेजारात. तेव्हा ती कुणा एका धर्माची नव्हती, चांगल्या घराची होती.

बौद्धांनी मात्र तिचं सोनं केलं आणि ते सह्याद्रीत. भाज्याचं चैत्यगृह इ. स. पू. दुसऱ्या शतकातलं. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, वरच्या बाजूला आत झुकलेले आहेत. लाकडी छप्पर खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार खांब आतल्या अंगाला कलते रोवत. भाज्याला छप्पर कातळाचं, ढकलणारं कुणी नाही, तरी खांब कललेलेच. समोरच्या कमानीतली भिंत तर पूर्णपणे लाकडी होती. ती गेली, तिच्यासाठी कातळात केलेल्या खाचा तेवढ्या राहिल्या. पुढे बेडसे आणि कार्ल्याला दर्शनी भागही दगडात उतरला आणि कार्ल्याचे खांब सरळ झाले. फासळ्या मात्र लाकडीच ठेवल्या. स्तूपावरची छत्रीही लाकडी, आणि तीसुद्धा अजून जागेवर आहे.

एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनने ही लाकडाची नक्कल पाहून निष्कर्ष काढला की अशोकाच्या आधी भारतीयांना दगडी वास्तू ठाऊकच नव्हती. नवशिके होते, म्हणून जुन्या सामानाचा आकार नव्या सामानात ओढत राहिले. ही कल्पना अजूनही पुस्तकांतून फिरते. मला ती पटत नाही, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा अजिंठ्यात आहे. कार्ल्याहून जुन्या असलेल्या १० क्रमांकाच्या लेण्यात बाजूच्या ओवऱ्यांच्या छताला दगडातच फासळ्या कोरल्या आहेत आणि मधल्या दालनाला लाकडाच्या होत्या. म्हणजे दगडी फासळी कोरता येत होती. तरीही त्यानंतर कार्ल्याला मुद्दाम सागवान आणलं. भिक्षू आणि उपासक ज्या सभागृहात पिढ्यान्‌पिढ्या स्तूपाला प्रदक्षिणा घालत आले, ते सभागृह डोंगरात गेलं तरी ओळखू यायला हवं होतं. पाया, खांब, छप्पर सगळं बदललं, तर निदान डोक्यावरचं दृश्य तरी तेच हवं. याला अडाणीपणा म्हणायचं असेल तर जगातल्या निम्म्या देवळांना म्हणावं लागेल.

शिवाय हे काम करणारे कोण होते ते लेखांत आहे. कार्ल्याच्या दाराचं काम धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, केल्याचं तिथेच कोरलंय. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराचं नाव आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरचं नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. दगडावर हात चालवणारी माणसं अशी वेगवेगळ्या धंद्यांतून आलेली होती. हत्यारं बदलली तरी हाताचं वळण बदललं नाही.

अजिंठ्याच्या १९व्या लेण्यात, पाचव्या शतकात, लाकूड पूर्ण गेलं. फासळ्याही दगडी झाल्या. वेरूळच्या १०व्या लेण्यात समोरची प्रचंड कमान आक्रसून सज्जावरची एक लहानशी खिडकी झाली. आत मात्र दगडी फासळ्या इतक्या रेखीव आहेत की लोकांनी या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ म्हटलं. आतल्या बुद्धाला विश्वकर्मा समजून सुतार मंडळी दर्शनाला येत. इतिहासाच्या दृष्टीने ती समजूत चूक, पण वंशावळीच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर.

मोठी कमान आक्रसली तरी तिचं पिल्लू केव्हाच बाहेर पडलं होतं. भाज्यालाच दर्शनी भागावर छोट्या कमानींच्या ओळी नक्षी म्हणून कोरलेल्या आहेत. हीच नक्षी देवळांवर गेली. दक्षिणेत तिला कुडू म्हणतात, महाबलीपुरमच्या रथांवर ती जागोजागी आहे. उत्तरेकडच्या शिखरांवर तिची इतकी गुंतागुंतीची जाळी झाली की मूळ कमान शोधावी लागते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर म्हणजे तर मागे अर्धगोल, वर नालेसारखं छप्पर असलेली विटांची जुनी वास्तू. ती मुळात बौद्ध चैत्यगृह होती असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. घडण पाहता दोघांची बाजू समजते. कारण तोवर ही कमान सगळ्यांची झालेली होती. अंबरनाथचं शिवालय १०६०चं. त्याच्या आणि सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखराच्या पायथ्याशी मध्यभागी जी मोठी नक्षीदार महिरप दिसते, तीही याच घराण्यातली. हजारभर वर्षं गवत आणि बांबूपासून दूर राहिल्यावर तिचं मूळ तिथे ओळखणं कठीण होतं, पण दोन्ही बाजूंच्या वळणांत आणि वरच्या टोकात ते शिल्लक आहे.

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात गावोगावी बुद्धविहार उभे राहिले. त्यांतल्या अनेकांच्या दर्शनी भागावर ही कमान पुन्हा मोठी होऊन आली आहे, आता सळ्या आणि सिमेंटची.