लसीकरणानंतरचे दृष्टिपटलाचे विकार

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस असलेला, प्रकाश टिपणारा नाजूक पडदा म्हणजे दृष्टिपटल. इन्फ्लुएन्झा, हिपॅटायटिस-बी, पीतज्वर यांसारख्या लसींनंतर काही दिवसांत या पटलावर पांढुरके डाग उमटल्याचे किंवा सूज आल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत आढळतात. असे रुग्ण इतके विरळा की त्यांच्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

यांतील एका विकाराचे वर्णन ली जॅम्पोल व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले. त्यात बहुधा तरुण स्त्रियांना एका डोळ्याने अंधूक दिसू लागते, प्रकाशाचे ठिपके चमकतात आणि काही आठवड्यांत दृष्टी आपोआप सुधारते. फ्लूसारख्या आजारानंतरही तो उद्भवतो. त्यामुळे मूळ कारण लसीपेक्षा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत असावे, असे मानले जाते. इतर काही विकारांत मात्र स्टेरॉइड द्यावे लागते, तेही वेळेवर.

तान्ह्या बाळांचा प्रश्न अधिक बिकट आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात दिली जाते आणि दृष्टिपटलाचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, हाही बहुधा वयाच्या पहिल्या पाच वर्षांतच उघडकीस येतो. लस टोचल्यानंतर बाळाची बाहुली पांढरी चमकताना दिसली आणि घरच्यांनी ‘लस बाधली’ म्हणून महिनाभर वाट पाहिली, तर डोळाच नव्हे, जीवही धोक्यात येतो. नव्याने आलेल्या तिरळेपणाचीही तपासणी व्हायला हवी.

सप्तशृंग गडाच्या पायथ्याच्या वणीसारख्या गावी ही अडचण अधिक जाणवते. साध्या विजेरीने दृष्टिपटल दिसत नाही. थेंब घालून बाहुली विस्फारावी लागते. दृष्टिपटलतज्ज्ञाकडे जायचे, तर बहुधा 40-45 किलोमीटरवरील नाशिक गाठावे लागते.

लसीनंतरची गंभीर तक्रार वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळविल्यास तिची ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणून नोंद होते व जिल्हा समितीमार्फत चौकशी होते. त्यासाठी लसीकरण कार्ड जपून ठेवावे. लस टाळणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे: गर्भवतीला झालेल्या रुबेलामुळे बाळाला मोतीबिंदू होतो, हे नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने 1941 मध्येच दाखवून दिले होते. अशा बाळांच्या दृष्टिपटलावरही मीठ-मिरे विखुरल्यासारखे डाग आढळतात.