रंग, राखाडी आणि पुरावा

देऊळघाटच्या एका विद्यार्थ्याने महाविद्यालयीन प्रकल्पासाठी गावातील जुन्या वास्तूंची रंगीत छायाचित्रे काढली होती. घरच्या ट्रंकेतील काही कृष्णधवल छायाचित्रेही त्याने त्यांना जोडली होती. संगणकावर त्याने दोन्हींवर हात फिरवला. नव्या छायाचित्रांतले रंग काढून टाकले आणि जुन्यांत रंग भरले. ‘सर, नवे जुने दिसले आणि जुने नवे दिसले की सगळा प्रकल्प एकसारखा वाटेल,’ असे त्याचे म्हणणे. त्याच्या हेतूत खोट नव्हती. परंतु या एकसारखेपणापायी दोन काळांमधले अंतरच पुसले जात आहे, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

या प्रश्नाचा इतिहास शोधायला दूर जावे लागत नाही. देऊळघाटच्या परिसरातील ज्या डोंगरांत पैनगंगा उगम पावते, ते अजिंठ्याच्याच रांगेतले. याच रांगेतील लेण्यांत मेजर रॉबर्ट गिल याने 1844 नंतर कित्येक वर्षे भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रतिकृती केल्या. डिसेंबर 1866 मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेल्या त्या प्रतिकृती जळून गेल्या. वाचली ती मोजकीच. गिल तोवर कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याने लेण्यांची, तसेच आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या देवळांची छायाचित्रे घेतली. पण छायाचित्र रंगाची जागा घेऊ शकत नव्हते. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळा प्रकाश चटकन टिपत, तांबड्याची मात्र जवळजवळ दखलच घेत नसत. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक उमटे आणि गेरू काळवंडे. जुने कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंग वजा केलेले सत्य, ही आपली समजूत म्हणूनच भाबडी आहे. कोणता रंग किती उजळ उमटावा, याचा पहिला निर्णय रसायनानेच घेतलेला असे.

दुसरा निर्णय माणूस घेई. मुंबईत विल्यम जॉन्सन याने 1863 आणि 1866 मध्ये शहरातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतील अनेक माणसे मुळात त्या जागी उभीच नव्हती. एका छायाचित्रातून कापलेल्या आकृती दुसऱ्या देखाव्यावर चिकटवून त्यांचे पुन्हा छायाचित्र घेतलेले होते. आज आपण बोटाच्या एका टिचकीने पार्श्वभूमी बदलतो, त्याचे हे पूर्वरूप. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत कुंचल्याने गालांवर लाली आणि साडीवर हिरवा रंग चढू लागला. ग्राहकाला ते हवेच असे, आणि त्यात फसवणूक कोणालाच वाटत नसे. अडचण नंतर येते. रंग भरणारा हात विस्मरणात जातो आणि त्याने दिलेला रंग पुरावा होऊन बसतो.

रंगाच्या पुराव्याचे मोल किती, हे पुन्हा अजिंठ्यानेच शिकवले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून 1885 पर्यंत तेथील चित्रांच्या नव्याने प्रतिकृती केल्या. विद्यार्थ्यांचा इतका दीर्घ प्रकल्प क्वचितच झाला असेल. त्यांच्याही अनेक प्रती जून 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत सापडल्या. दरम्यान मूळ भिंतीही बदलत होत्या. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पापुद्रे सुटणारी चित्रे लाखेच्या लेपाने पक्की केली, आणि तो लेप कालांतराने पिवळा पडला. मग अजिंठ्याचा खरा रंग कोणता? चित्रकाराने दिलेला, लाखेखालून दिसणारा, की साफसफाईनंतरचा? गुलाम याजदानी यांनी 1930 ते 1955 या काळात चार भागांत जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ही पुनर्मुद्रणे रंगीत आणि एकरंगी असून छायाचित्रणावर आधारलेली आहेत, असे नमूद आहे. मला ही शीर्षकातली नोंद फार मोलाची वाटते. वाचकाला आपल्यासमोर काय आहे आणि ते कसे तयार झाले, हे पहिल्या पानावरच कळते. अलीकडे नाशिकचे प्रसाद पवार यांनी या चित्रांच्या संगणकीय पुनःस्थापनेचे काम हाती घेतले. तेथेही भिंत जशी आहे तशी, आणि तिच्याशेजारी कल्पनेने पूर्ण केलेली, असा भेद राखला तरच अभ्यासकाला त्याचा उपयोग.

हे सारे ऐकल्यावर त्या विद्यार्थ्याने विचारले, ‘मग काहीच करायचे नाही का?’ करायचे, अवश्य करायचे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचे. जुने छायाचित्र स्कॅन करताना चिरा, डाग, फाटलेला कोपरा, मागचे हस्ताक्षर, सगळे जसेच्या तसे घ्यायचे आणि डाग काढलेली प्रत वेगळी ठेवायची. रंगीत छायाचित्र कृष्णधवल करताना लक्षात ठेवायचे की संगणकाच्या एका रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे 59 टक्के, तांबड्याचा 30 आणि निळ्याचा अवघा 11 टक्के असतो. म्हणून गेरूचा पट्टा आणि शेजारचे शेवाळ एकाच राखाडीत विरघळू शकतात, आणि भिंतीवर रंगकाम होते ही गोष्टच हरवते. कोरीव काम उठून दिसावे म्हणून कृष्णधवल निवडले, तर तसे छायाचित्राखाली लिहावे. काय बदलले आणि का, एवढी एक ओळ पुरे.

त्याच्या जुन्या छायाचित्रांत पणजीचे एक होते. संगणकाने तिच्या लुगड्याला निळा रंग दिला होता आणि तो अगदी खरा वाटत होता. त्याने ते घरातल्या वृद्ध आत्याला दाखवले. ती म्हणाली, ‘हिरवं होतं रे ते.’ राखाडीच्या एका छटेतून निळे की हिरवे हे यंत्राला कळणे शक्य नव्हते. त्याने केवळ अंदाज केला होता. आत्याची आठवणही चुकू शकते. पण ती कोणाची आहे हे सांगता येते, तिला उलट प्रश्न विचारता येतो. अखेर प्रकल्पात कृष्णधवल छायाचित्र तसेच राहिले, आणि खाली ओळ आली : लुगडे हिरवे होते, असे घरातील आत्या सांगतात. त्या पानावरचा तेवढाच रंग मला विश्वासार्ह वाटला.