गाळलेल्या सालाचे वाचन

पेशवे दफ्तरातील अनेक मोडी पत्रांवर केवळ मुसलमानी महिना व त्याची तारीख आढळते, साल नसते. लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही ते ठाऊकच होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, तेव्हा अशा पत्रांची साले मजकुरातील स्वारी, तह वा मृत्यूच्या उल्लेखांवरून ठरवावी लागली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या आज्ञावल्यांपुढे हाच पेच उभा राहिला. जागा वाचविण्यासाठी जुन्या कोबोल आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवीत. मग ‘००’ म्हणजे १९०० की २०००? टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (स्थापना मुंबई, १९६८) आदी भारतीय कंपन्यांतील प्रोग्रामरांनी परदेशी ग्राहकांच्या अशा आज्ञावल्या वाचून दुरुस्त केल्या. हे वाचन पोथीप्रमाणे पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत होत नाही. संख्येच्या नावावरून अर्थ लागेलच असे नाही. परंतु दोन संख्यांची वजाबाकी व्याजाच्या हिशेबात गेली, तर ती वर्षे असावीत असे अनुमान निघते. मग ती संख्या कोठून येते, कोठे जाते, हे पाहून आणि आज्ञावली चालवून ते पारखावयाचे.

लिहिणाऱ्याने गृहीत धरून जे गाळले, ते शोधणे हेच खरे वाचन. म्हणून जाणता प्रोग्रामर आज्ञावलीतच खुलाशाची टीप लिहून ठेवतो. भोपाळातील आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोडी कागद असतील, त्यांनीही त्यांतील माणसे व गावे वडीलधाऱ्यांना आजच विचारून वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवावीत. कागद पुढेही टिकेल. सांगणारा टिकेलच असे नाही.