दोन वाघिणींच्या मधला हात

मालगाडीच्या डब्याला आपण ‘वाघीण’ म्हणतो. ‘वॅगन’चे हे मराठी तोंडात बसलेले रूप. माझ्या टेबलावरची वाघीण जेमतेम 14 सेंटिमीटर लांब आहे. अमेरिकेतल्या 40 फुटी बंद वाघिणीची ही 1:87 प्रमाणातली, म्हणजे ‘एचओ’ मापाची प्रतिकृती. अ‍ॅथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यांतून सुट्या भागांत येणाऱ्या अशा वाघिणी तिकडच्या छांदिष्टांनी वर्षानुवर्षे जमवल्या. भाग जोडले की वाघीण उभी राहते; जाणकार संग्राहकाचे खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते. त्या कामाचा माग काढता काढता मी रेल्वे कामगारांच्या इतिहासात जाऊन पोचलो.

पहिली दुरुस्ती वजनाची. हलकी वाघीण वळणावर रूळ सोडते. 1935 साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ची शिफारस अशी : मूळ एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. त्या हिशेबाने माझी वाघीण सुमारे 106 ग्रॅमची हवी. कमी पडेल तेवढे वजन आत चिकटवायचे.

दुसरी दुरुस्ती कपलरची. खोक्यातला आकडा खऱ्या कपलरसारखा दिसत नाही. तो काढून कीथ आणि डेल या एडवर्ड्स बंधूंच्या ‘केडी’ कंपनीचा कपलर बसवतात. तो धक्क्याने आपोआप जुळतो आणि रुळांमधल्या चुंबकावर सुटतो. वाघिणींच्या मध्ये हात घालावा लागत नाही.

हीच सोय खऱ्या रेल्वेत यायला माणसांची बोटे खर्ची पडली. एकोणिसाव्या शतकात ब्रेकमन दोन वाघिणींच्या मध्ये उभा राही. समोरून येणाऱ्या वाघिणीच्या खाचेत हाताने कडी घालायची आणि वरून खीळ सोडायची. क्षणभर चुकले की बोटे जात, कधी जीवही जाई. इलाय जॅनी याने 1873 साली वळलेल्या बोटांसारख्या जबड्याच्या कपलरचे पेटंट घेतले. त्याचा पहिला नमुना त्याने चाकूने लाकडात कोरला, असे सांगतात. म्हणजे या कपलरची सुरुवातही एका छोट्या प्रतिकृतीनेच झाली!

पेटंट होते, तरी खर्चाचे कारण पुढे करून कंपन्या वर्षानुवर्षे चालढकल करत राहिल्या. आयोवाच्या लोरेन्झो कॉफिनसारख्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 1893 चा सुरक्षा साधन कायदा झाला. आपोआप जुळणारे आणि माणूस मध्ये न जाता सुटणारे कपलर बंधनकारक झाले. त्याची मुदतही पुढे 1900 पर्यंत लांबली. कपलरची प्रमाणित उंची आणि वाघिणीवरचे हातधरे हेही त्याच कायद्यात आले. आज संग्राहक छोट्या मापपट्टीवर कपलरची उंची तपासतो, प्लॅस्टिकचे ठोकळेबाज हातधरे खरवडून तारेचे बसवतो, तेव्हा नकळत तो त्या कायद्याचीच कलमे तपासत असतो.

छतावरची फळीही अशीच बोलकी. हवेचे ब्रेक येण्यापूर्वी धावत्या गाडीच्या छतांवरून चालत ब्रेकमन एकेका वाघिणीचा हातब्रेक आवळी. 1966 पासून नव्या वाघिणींवरून ही फळी गेली. म्हणून 1950 ची गाडी मांडणाऱ्याने ती काढली, तर तो इतिहासच पुसतो.

वाफेच्या इंजिनांचे प्रकार चाकांवरून ओळखतात : 0-6-0, 0-8-0. घसरलेली वाघीण उचलून रुळावर ठेवणाऱ्या हाताला अमेरिकी छांदिष्ट गमतीने ‘0-5-0’ म्हणतात. पाच बोटांचे इंजिन! माझ्या मांडणीत छतावर किंवा कपलरपाशी एकही ब्रेकमन नाही. तरी हा विनोद आठवला की पाचांतली सगळी बोटे शाबूत न राहिलेले ते हात मला आठवतात.